कुठला जिल्हा, कुठलं गाव

ज्या संस्थेच्या पाटीवर ‘आफ्रिका’ हा शब्द वीतभर अक्षरांत रंगवलेला आहे, त्याच संस्थेच्या कार्यालयात तो उच्चारायला बंदी आहे. बंदी खुद्द अध्यक्षांनी घातलेली. डॉ. सखाराम बिडगर हे ते अध्यक्ष. जनावरांचे डॉक्टर, सरकारी नोकरीतून निवृत्त, मुक्काम गारखेडा, आणि सदासर्वदा संतापलेले.

आमची ओळख या बंदीमुळंच झाली. मी टपाल खात्यातून निवृत्त होऊन त्यांच्या समोरच्या घरात राहायला आलो होतो. शेजारधर्म म्हणून मी गेटपाशी गोड बोलायला गेलो. म्हटलं, “डॉक्टर, आफ्रिकेतल्या बिचाऱ्या लोकांसाठी तुम्ही फार मोठं काम करता असं ऐकलं.”

“कुठला देश?” डॉक्टर म्हणाले.

“म्हणजे?”

“आफ्रिकेत देश लई हायेत. कुठला देश, कुठला जिल्हा, कुठलं गाव?”

“ते काही मला माहीत नाही.”

“पोस्टात होता ना तुम्ही? पाकिटावर नुसतं ‘आशिया’ लिहिलेलं पत्र कधी पोचवलं का?”

“नाही,” मी म्हटलं. “आणि बिचारे कोण म्हणतो त्यांना? तुम्ही भेटलात का?” “नाही,” मी पुन्हा म्हटलं. पण पत्त्याचं महत्त्व या माणसाला निदान कळतं, असं बहुतेक त्यांना वाटलं असावं. पुढच्या महिन्यात मी संस्थेचा सचिव झालो आणि माझं नाव कायमचं ‘पोस्टमास्तर’ पडलं.

खरा पत्ता असा. केनिया देशाच्या उत्तरेला तुर्काना नावाचा जिल्हा आहे. माळरान, काटेरी झुडपं, आणि माणसांपेक्षा शेळ्या जास्त. निवृत्तीनंतर डॉक्टर एका प्रकल्पावर तिथं शेळ्यांना लस टोचायला शिकवायला गेले आणि दोन वर्षं राहिले. ते स्वतः वैजापूरकडच्या मेंढपाळाच्या घरातले. तिथल्या एका म्हाताऱ्यानं कळप वळवायला जीभ टाळूला लावून आवाज काढला, तो थेट आपल्या वडलांचा आवाज होता, असं ते सांगतात. परत आल्यावर त्यांनी एका मेडिकल दुकानाच्या वरची खोली घेतली आणि संस्था काढली. पाटीवर ‘तुर्काना’ लिहायचं होतं. रंगवणाऱ्यानं विचारलं, “तुर्कस्तान का?” लोकांचा असाच घोटाळा होईल, या धास्तीनं बाकीच्या विश्वस्तांनी ‘आफ्रिका’ करून टाकलं. त्या पाटीखालून जाताना डॉक्टर आजही मान वर करत नाहीत.

काम साधं होतं. तिकडच्या बायकांना लस टोचायला, जंताचं औषध पाजायला शिकवायचं, लसीच्या थंड पेट्या पुरवायच्या. आणि दर रविवारी सकाळी डॉक्टर फोनवर शेळ्या तपासायचे. पडद्यावर शेळीचा जबडा, इकडं डॉक्टरांचा चष्मा. इंग्रजी, स्वाहिली आणि वैजापुरी अशी तीन भाषांची खिचडी. “थांब गं, हालवू नको तिला,” असं ते मराठीत ओरडायचे आणि तिकडची बाई खरोखर थांबायची.

जनावरांची सवय माणसांवर उतरली होती. शेळीच्या खालच्या पापणीचा रंग बघून तिच्या अंगात रक्त किती ते कळतं म्हणे. डॉक्टर बोलता बोलता समोरच्याची पापणी ओढून आत बघायचे. एका कार्यक्रमात त्यांनी एका बड्या अधिकाऱ्याची पापणी ओढली आणि भर व्यासपीठावर सांगितलं, “फिक्कट हाय साहेब. जंत असतील.”

लग्नाकार्यात कुणी ना कुणी त्यांना गाठायचंच. “आपल्या मराठवाड्यात दुःख कमी आहे का, की तुम्ही तिकडं चाललात?” डॉक्टर पान बाजूला सारायचे. “तुम्ही इथल्या दुःखाचं काय काय केलं ते आधी सांगा. मग मी तिकडं का जातो ते सांगतो.” विचारणारा पुढच्या पंगतीला जाऊन बसायचा. मला सुरुवातीला याची लाज वाटायची. आता त्या विचारणाऱ्यांचा राग येतो. एकदा शेवटी मोजून पाहिलं, तर हा प्रश्न विचारणाऱ्यांपैकी एकानंही कधी साधं झाड लावल्याचं मला आठवेना.

भांडणाला तोंड फुटलं ते माहितीपत्रकावरून. अनंतराव हे आमचे विश्वस्त. वाळूजला त्यांचा कारखाना आहे. माणूस सरळ, हात सैल, आणि संस्था चालते ती बरीचशी त्यांच्यामुळं. त्यांनी पुण्याहून एक गुळगुळीत माहितीपत्रक करून आणलं. पहिल्या पानावर एक रडणारं मूल. गालावर माशा, हातात रिकामी वाटी. खाली लिहिलेलं, ‘याचे अश्रू पुसाल का?’

डॉक्टरांनी ते लांब धरून पाहिलं. “हे पोरगं कोणाचं?”

“डॉक्टरसाहेब, प्रातिनिधिक आहे.”

“नाव काय त्याचं?”

“इंटरनेटवरून घेतलंय.”

“कुठला जिल्हा, कुठलं गाव?”

अनंतरावांनी पत्रक उलटून मागं पाहिलं. मग घसा खाकरून म्हणाले, “आफ्रिका.”

पुढची पाच मिनिटं मी इथं लिहीत नाही. शेवटी अनंतराव म्हणाले, “शेळीच्या जबड्याचा फोटो बघून कुणी देणगी देत नाही, साहेब. लोकांना पाझर फुटावा लागतो. मतदान घ्या.”

मी धरून आम्ही सात विश्वस्त. तीन हात वर गेले. मग मी इकडंतिकडं बघितलं आणि चौथा हात माझा गेला. मला ते चित्र आवडलं होतं असं नाही. अनंतराव दुखावले तर संस्था बंद पडेल, एवढाच विचार मनात होता. डॉक्टर माझ्या हाताकडं बघत राहिले. ओरडले नाहीत. “लिहून घ्या पोस्टमास्तर, ठराव मंजूर,” म्हणाले आणि जिना उतरून गेले. ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

पंधरा दिवसांनी वार्षिक कार्यक्रमासाठी तुर्कानाहून पाहुणी आली. अकिरू तिचं नाव. तिकडच्या लस टोचणाऱ्या बायकांची ती प्रमुख. चाळिशीची, उंच, काळा गॉगल, गळ्यात मण्यांच्या माळांची चळत. मी तिच्यासाठी स्टेशनजवळच्या एका लॉजमध्ये खोली सांगून ठेवली होती. तिथल्या मॅनेजरनं तिला पाहिलं, मग रजिस्टर पाहिलं आणि म्हणाला, “सॉरी अंकल, रूम खाली नहीं है.”

“सकाळी तर होती,” मी म्हटलं.

“अब फुल हो गया.”

डॉक्टर तिथल्या सोफ्यावर ऐसपैस बसले. “लिहून द्या. काय बघून खोली भरली ते लेखी द्या. मी बसतो.”

मॅनेजरनं पंखा बंद केला. डॉक्टर घाम पुसत बसून राहिले. लोक जमले. कुणी मोबाइल काढले, तोंडातून शब्द मात्र कुणी काढला नाही. मीही त्या लोकांतच मोडत होतो, बॅग धरून. शेवटी अकिरूच म्हणाली, “डॉक्टर, उठा. आमच्या राजधानीतही शेळ्यावाल्यांना बघून खोल्या अशाच भरतात.” डॉक्टरांना हसू आलं. तिला ते गारखेड्याला घरी घेऊन आले. घरात ते एकटेच. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, म्हणून त्यांनी गावाहून थोरल्या बहिणीला, मथुराक्काला, बोलावून घेतलं. अक्कानं दारातच अकिरूच्या माळा हातात घेऊन तपासल्या आणि विचारलं, “जड नाय होत का गं?” अकिरूला काय कळलं देव जाणे, पण तिनं एक माळ काढून अक्काच्या गळ्यात घातली.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉलमधल्या प्रत्येक खुर्चीवर ते रडणारं मूल ठेवलेलं होतं. अकिरूनं एक उचललं आणि मला विचारलं, “हा कोण?” मी म्हटलं, “माहीत नाही.” “खाली काय लिहिलंय?” मला भाषांतर करून सांगावं लागलं. चाळीस वर्षं लोकांची पत्रं वाटली, पण काही पोचवताना एवढी शरम कधी वाटली नव्हती.

व्यासपीठावर ती इंग्रजीतून बोलली आणि मी मराठीत सांगत गेलो. शेळ्यांच्या तोंडाला येणारा रोग, उन्हात लसीची पेटी कशी सांभाळायची, कोणत्या गावानं आधी हाकलून दिलं आणि मग बोलावून घेतलं. शेवटी तिनं पत्रक वर धरलं. “हे मूल मी ओळखत नाही. मला तीन मुलं आहेत. थोरली कॉलेजात शिकते. रडका फोटो हवाच असेल तर धाकट्याला आंघोळ घालताना या, तो रोज रडतो.” हॉल हसला. अनंतराव हसले नाहीत. डॉक्टरही नाहीत. अध्यक्षीय भाषणात ते फक्त “आभारी आहे” म्हणाले आणि बसले. अशा वेळी त्यांना आवरायला दोन माणसं लागतात, आणि आज ते असे का, हे मला कळेना.

संध्याकाळी मी माफी मागायला त्यांच्या घरी गेलो. डॉक्टर आत चहा ठेवत होते. बाहेरच्या खोलीत अक्का आणि अकिरू बसल्या होत्या. माझा चेहरा बघून अक्का म्हणाली, “भाऊ, तुमीच चौथा हात वर केला ना?” “हो,” मी म्हटलं. ती उठली, डॉक्टरांच्या बायकोच्या कपाटातल्या साड्यांच्या खालून एक जुनं, पिवळं पडलेलं पान काढून माझ्यापुढं ठेवलं. कॅलेंडरचं पान होतं. त्यावर एका बाईचा फोटो. फाटकं लुगडं, विस्कटलेले केस, मागं मेंढरं, आणि हात पुढं केलेला. खालची ओळ कुणीतरी कात्रीनं कापून टाकली होती.

“काय दिसतं?” अक्कानं विचारलं.

“हात पसरलाय बाईनं,” मी म्हटलं.

अकिरूनं ते पान स्वतःकडं ओढलं. गॉगल काढला आणि बराच वेळ बघितलं. मग इंग्रजीत म्हणाली, “नाही. ही बाई कुणाला तरी घालवून देतेय.”

मी अक्काला ते मराठीत सांगितलं. अक्का एकदम पदर डोळ्याला लावून बसली. आत चहा उतू गेल्याचा आवाज आला, पण गॅस कुणी बंद केला नाही.

“आमची आई हाय ती,” अक्का म्हणाली. “दुष्काळात आमी मेंढरं घेऊन लांब गेलो व्हतो. शहरातून मदतवाले आले. एकानं फोटूचं यंत्र काढलं. आई म्हणली, आरं काढू नको, माझं डोकं विंचरलेलं नाय. हात पुढं करून म्हणली. त्यानं तवाच काढला. पुढच्या साली वैजापूरच्या बाजारात एका दुकानात ह्ये लटकलेलं. खाली काय लिवलं व्हतं ते सखारामनं वाचून दाखवलं. दुसरीत व्हता. त्याला वाचता येतं म्हणून आईनं लई कौतुकानं विचारलं व्हतं त्याला.”

“काय लिहिलं होतं?”

“भिकेचंच कायतरी. परत ती वैजापूरच्या बाजाराला गेली नाय. मरेपत्तोर नाय. तिचा दुसरा फोटू कुटंच नाय बघा.”

डॉक्टर कपबशा घेऊन बाहेर आले. पान टेबलावरच होतं. त्यांनी ते पाहिलं, अक्काकडं पाहिलं, आणि अकिरूला विचारलं, “तुला कसं कळलं?”

“मीही असा हात केला आहे,” ती म्हणाली. “दोनदा.”

डॉक्टर खाली बसले. माफी मागायची म्हणून मी आलो होतो, पण ते शब्द आता फारच लहान वाटले. आम्ही चौघं तो अर्धा सांडलेला चहा प्यालो आणि मी घरी आलो.

दुसऱ्या दिवशी मी सचिव या नात्यानं तातडीची सभा बोलावली आणि म्हटलं, “माझा हात मी परत घेतो.” अनंतराव चिडले. “तुमच्या हाताच्या भरवशावर मी छापखान्याला सांगितलं होतं, पोस्टमास्तर. हात काय परत घ्यायची वस्तू आहे का?” पण चाराचे तीन झाले आणि पत्रक रद्द झालं. दोन महिने ते सभेला आले नाहीत. मग आले ते स्वतःच नवं पत्रक घेऊन. त्यावर अकिरू होती, गॉगल लावलेली, काखेत शेळी, आणि खाली तिचं नाव, जिल्हा, गाव. त्यामुळं देणग्या वाढल्या असं मी लिहिणार नाही, कारण वाढल्या नाहीत. पण संस्था बंदही पडली नाही, आणि डॉक्टर अजून अध्यक्ष आहेत.

अकिरू गेल्यावर आठवड्याभरानं डॉक्टर माझ्या दारात उभे राहिले. हातात मोठं पाकीट. “गुलमंडीला येता का? काम हाय जरा.”

तिथल्या एका जुन्या फोटो स्टुडिओत आम्ही गेलो. डॉक्टरांनी ते पान काढून काउंटरवर ठेवलं. “मोठा करून पायजे. फ्रेममध्ये. घरात लावायचाय.”

स्टुडिओवाला पन्नाशीचा, कामात मुरलेला. त्यानं भिंग लावून बघितलं. “डाग जातील. केस नीट करतो. पण साहेब, हा हात मागितल्यावानी दिसायलाय. काढून टाकू का? कॉम्प्युटरवर कळणार बी नाय.”

मी डोळे मिटून घेतले. आता इथं काय होणार, ते मला माहीत होतं.

डॉक्टरांनी पानाची वर आलेली एक कड बोटानं सरळ केली.

“केसांचं तेवढं बघा,” ते हळू म्हणाले. “हात राहू द्या. ती नको म्हणायलीय.”