चौसष्टाव्या पानावरची मोहीम

आरंभी सुईस नमन, दोऱ्यास नमन, खळीच्या डब्यास नमन, आणि ज्यांस पुस्तक उघडण्यापूर्वी चहा लागतो त्या समस्त वाचकांसही नमन. पुढे मजकूर ऐसा की, पुस्तकबांधणीच्या एका कारखान्यावर थोर प्रसंग गुदरला, आणि त्यात रक्त सांडले ते फक्त सुई टोचल्याचे, परंतु चार मुलूख सर जाहले, आत्यासाहेबांचा जन्माचा हट्ट मोडला, आणि धाकटीची सुई वाचली. ते कैसे घडले ते चित्त देऊन ऐकावे. मध्ये बोलू नये. मध्ये कोणी बोलले की आम्ही विसरतो.

तर धाकटी म्हणजे घरातली धाकटी, बांधणीच्या कारखान्यात उमेदवार, हात चपळ, जीभ त्याहून चपळ. आणि तिचे उस्ताद म्हणजे बांधणीतले बादशहा. उस्तादांनी आयुष्यात इतकी पुस्तके बांधली की एकावर एक रचली तर चंद्रास धडकावी, परंतु वाचले एकही नाही. त्यांचे म्हणणे ऐसे की माळ्याने फुले हुंगत बसू नये, बागेस पाणी कोण घालील? अशा उस्तादांनी धाकटीस आजवर पुस्तकांच्या पाठीवर चिठ्ठ्या डकवण्याच्या चाकरीवर ठेविले होते. मग उस्तादांस बहिणीकडे जाणे पडले, आणि जातेसमयी त्यांनी हुकूम फर्माविला की, वाचनालयाची चार फाटकी पुस्तके आली आहेत, ती धाकटीने एकटीने बांधावी, सोमवारी सकाळी वाचनालयाचा शिपाई न्यावयास येईल, बांधणी उत्तम उतरली तर सुई कायमची तुझी, बिघडली तर पुन्हा चिठ्ठ्या डकव, आणि त्या कधीपर्यंत ते विचारू नको.

आता त्या चार सरदारांची ओळख. पहिली खुनाची कादंबरी. दुसरे दीपगृह राखणाऱ्या एका बाईचे आत्मचरित्र. तिसरा कवितांचा जाडजूड संग्रह. आणि चौथे मुंग्यांविषयीचे विज्ञान, सर्वांस कळेल ऐसे लिहिलेले. चौघांचा आकार एक, जाडी एक, कागद एकसारखाच पिवळा, जणू एका आईची लेकरे.

धाकटीने चौघांचे जुने टाके उसवले आणि जुज मोकळे केले. जुज म्हणजे दुमडलेल्या पानांचा गठ्ठा, सोळा पानांचा एक, असे जुज शिवून पुस्तक होते. जुजांची अदलाबदल होऊ नये म्हणोन उस्तादांची एक युक्ती होती. चळत रचायची, आणि तिच्या पाठीवर पेन्सिलीने वरून खाली एक तिरकी रेघ ओढायची, तेणेकरून प्रत्येक जुजावर रेघेचा एकेक तुकडा येतो आणि जिन्यासारख्या पायऱ्या दिसतात. एक जुज हलला की जिना तुटतो. आणि दर पुस्तकास रंग निराळा, हा उस्तादांचा सक्त नेम. परंतु धाकटीच्या हाती नवीकोरी लाल पेन्सिल, टोक असे की डोळ्यात भरावे, आणि मन असे उतावीळ की काय सांगावे. तिने चारही चळती लाल केल्या. मग मैत्रिणीस फोन लाविला की, "अगं, एकटीने करतेय मी, एकटीने!" आणि त्या आनंदात जी गिरकी घेतली, तिच्या कोपराने चारी चळतींवर एकाच समयी हल्ला केला.

सारे जुज जमिनीवर. धाकटी डगमगली नाही. तिने पायऱ्या पाहून जुज उचलले, जिने रचले, आणि चारही जिने अगदी अखंड उतरले. पानांचे आकडेही ओळीने जुळले. का न जुळावे? चौघांत पाचवा जुज पासष्टाव्याच पानावर सुरू होतो! मग शिवले, खळ लाविली, पुठ्ठे चढविले, शिकंजा नामे दाबयंत्रात दाबले, आणि रविवारी सकाळी चारही पुस्तके घरी आणोन मिरविली.

घरात आत्यासाहेब होत्या. आत्यासाहेब मोटार चालविण्यास शिकवीत, अख्ख्या गावातले निम्मे चालक त्यांच्या ओरडण्याखाली तयार जाहले होते. वाचनाविषयी त्यांचा कायदा कडक. पहिल्या दहा पानांत प्रेत न पडल्यास पुस्तक बंद. कविता म्हणजे कागदाची नासाडी, आठवणी म्हणजे लोकांच्या घरात डोकावणे, विज्ञान म्हणजे परीक्षा. तेव्हा त्यांनी चौघांतून खुनाची कादंबरी उचलिली आणि खुर्चीत तळ ठोकिला. दुपारच्या सुमारास धाकटीने कौतुकाने विचारिले.

"आत्या, कसं आहे गं?"

"अगं, भन्नाट! हवेलीत दिवा विझतो, इन्स्पेक्टर दार उघडतो, आणि पुढच्याच पानावर काय म्हणतो? मुंगीला दोन पोटं असतात. एक स्वतःचं, एक दुसऱ्याला भरवायचं. कळलं का?"

"मुंगीला?"

"विष गं, विष! जेवणातून गेलंय. सोळा पानं नुसत्या मुंग्या, पण कसला डोकेबाज माणूस आहे! मग एका बाईची जबानी. तिचा बाप दीपगृहात असतो, वादळात रात्रभर दिवा हाताने फिरवतो. रडले मी. इतकी रडले की खुनाचं विसरलेच. आणि आता चिठ्ठ्या सापडल्यात, सांकेतिक. ओळी अर्ध्यातच तुटतात."

हे ऐकताच धाकटीस घोटाळा उमगला. तिने झडप घालोन बाकीची तीन उघडली. कवितांच्या ऐन मध्यावर वकील खोटे बोलत होता, दीपगृहात राणी मुंगी अंडी घालीत होती, आणि मुंग्यांच्या वारुळावर जहाज फुटले होते.

मग धाकटी मटकन खाली बसली आणि बोलली, "मेले मी. चिठ्ठ्या. आता जन्मभर चिठ्ठ्या."

तेव्हा मातोश्री धावत आल्या, तीर्थरूप आले, आणि स्वयंपाकघरात खलबत जाहले. मातोश्री चष्म्याच्या दुकानात डोळे तपासून घेणाऱ्यांस अक्षरे वाचावयास लावीत, तीर्थरूप लिफ्ट दुरुस्त करीत, आणि दोघांनीही शाळा सुटल्यापासून पुस्तकास हात लाविला नव्हता. ठराव ऐसा जाहला की, धाकटीने चौघांचे टाके पुन्हा कापावे, बाकीच्यांनी एकेक जुज पाहोन कोणत्या मुलखाचा ते सांगावे, आणि अंधार पडण्याआधी शिवण संपवावी. मुंग्या आणि कविता लांबूनच ओळखू येत, परंतु कादंबरी आणि दीपगृह दोन्हींत कोणीतरी "मी, मी" करीत गोष्ट सांगत होते, त्यांस वाचल्याविना इलाज नव्हता.

आणि येथेच घात जाहला. कारण जो वाचावयास बसला तो उठेना.

तीर्थरूपांनी मुंग्यांचा जुज हाती धरिला आणि सोडण्याचे नाव काढिले नाही. "बघ जरा," ते गरजले, "यांचा रस्ता बंद पडला की या गुपचूप वळसा घालतात. आणि लिफ्ट बंद पडली की लोक मला शिव्या घालतात! माणसाला अक्कल आहे का?"

"बाबा, द्या ना तो इकडे!"

"थांब. राणीचं काय होतं ते बघू दे."

मातोश्रींनी कवितांचा जुज प्रथम नाक मुरडून उचलिला आणि म्हणाल्या की, अर्धा कागद कोराच सोडलाय, काय माणसं असतात. मग ओठ हलू लागले. मग मातोश्री खिडकीपाशी गेल्या. मग खिडकीपाशी उभ्या राहोन त्यांनी जे काही केले त्यास वाचणे म्हणत नाहीत, ते एकाच पानास पुन:पुन्हा जाणे होते. आणि आत्यासाहेब तर कादंबरीचे आणि दीपगृहाचे जुज दोन मांड्यांखाली दाबून किल्लेदारासारख्या बसल्या, कोणास जवळ येऊ देईनात.

ऊन कलले. धाकटीच्या हाती सुई, सुईत दोरा, परंतु शिवावयास जुज नाही. विनवण्या व्यर्थ गेल्या, धमक्या व्यर्थ गेल्या, चहाची लालूच दाखविली तर चहा घेतला आणि जुज दिला नाही. शेवटी धाकटी घराच्या मधोमध उभी राहिली आणि ओरडली, "अहो, माझी सुई चाललीय! तुमची गोष्ट कुठे पळून जात नाही!"

सर्वप्रथम तीर्थरूप खजील जाहले. मग तेथल्या तेथे तह लिहिल्याविना तह जाहला. कलम एकच. जो जुज देईल, त्यास दुसऱ्याने आपण वाचलेली गोष्ट तोंडाने सांगावी.

मग काय विचारता! जुजांचा पाऊस पडला. तीर्थरूपांनी मुंग्या दिल्या आणि आत्यासाहेबांनी त्यांस दीपगृहातील वादळ सांगितले, ते असे की तीर्थरूपांनी उठून घरातल्या खिडक्या लाविल्या. आत्यासाहेबांनी दीपगृह दिले आणि तीर्थरूपांनी त्यांस राणी मुंगीचे राजकारण सांगितले. आणि आत्यासाहेबांपाशी कादंबरीचा एकच जुज उरला, ज्यात इन्स्पेक्टर हरतो, कारण खोली आतून बंद, आणि खुनी आत जाणार कोठून? शेवटचा जुज तर आधीच धाकटीच्या हवाली जाहलेला. तेव्हा मातोश्रींनी खिडकीपाशी उभ्या राहोन कविता वाचली, हळू आवाजात, अक्षरे तपासून घ्यावी तैशी:

दार बंद नव्हतं,
नुसतं ओढून घेतलं होतं.
तू ढकलून तरी
बघायचंस.

तीर्थरूप मातोश्रींकडे पाहत राहिले आणि मातोश्री जमिनीकडे. तेवढ्यात आत्यासाहेबांनी असा ब्रेक दाबिला की सारे हादरले.

"वकील!"

"काय?"

"वकीलच! दार बंद आहे म्हणून ओरडला कोण? वकील! दुसऱ्या कुणी ढकलून पाहिलं? कुणीच नाही! दार नुसतं ओढलेलं होतं, आणि मेल्यानं सगळ्यांना बाहेर थांबवलं! धाकटे, शेवट बघ. बघ म्हणते ना!"

धाकटीने सुई तैशीच ठेवून शेवटचा जुज उघडला, आणि खरोखरीच वकील निघाला. एका कवितेने खुनी पकडला! आत्यासाहेबांनी मातोश्रींस मिठी मारिली आणि हुकूम दिला, "पुन्हा वाच. खून राहू दे बाजूला. पुन्हा वाच."

मग धाकटीने हिरवी, निळी, काळी आणि तीच अपराधी लाल, अशा चार रेघा ओढोन चार जिने रचले, टाके घातले, एकदा बोट टोचून घेतले, खळ लावून पुठ्ठे पुन्हा चढविले, आणि दिवे लागले तेव्हा चारही सरदार आपापल्या मुलखात रुजू जाहले.

सोमवारी सकाळी उस्ताद परतले. शिपाई दारात उभा. उस्तादांनी पहिली तिन्ही पुस्तके उघडझाप केली, पाठीवर बोट फिरविले, हुंकार दिला. मग कादंबरी घेतली, आणि ती आपसूक चौसष्टाव्या पानावर उघडली, कारण तेथे एक चिठोरे होते. अक्षर आत्यासाहेबांचे: "इथे थांबा. आधी मुंग्यांचं पुस्तक आणा, मग दीपगृह, मग कविता. खुनी कुठे पळून जात नाही."

उस्तादांनी ते धाकटीपुढे धरिले. मग तिने सारे सांगोन टाकिले, लाल पेन्सिल, गिरकी, कोपर, काही राखिले नाही. आणि उस्ताद काही बोलेनात, कारण ते ऐकत नव्हते. ते चौसष्टावे पान वाचत होते. दिवा विझला, इन्स्पेक्टराने दार उघडले, आणि उस्तादांनी आयुष्यात प्रथमच एक पान उलटले ते पुढे काय जाहले ते पाहण्यासाठी.

शिपाई खाकरला. "उस्ताद, निघू का?"

"बस जरा."

मग उस्तादांनी मान वर न करता सुई धाकटीकडे सरकविली, आणि रंगीत पेन्सिलींचा अख्खा डबा सरकविला, आणि चिठोरे जपून होते तेथेच ठेविले. मग विचारते जाहले, "मुंग्यांचं कुठलं यातलं?"

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. आत्यासाहेबांनी त्याच सायंकाळी वाचनालयात खुनाच्या कपाटास पाठ दाखवून कवितांचे कपाट काबीज केले, त्याची नोंद आम्ही येथे केली असे. आणि शिपाई त्या दिवशी पुस्तके कधी घेऊन गेला, याची नोंद नाही, कारण तोही दीपगृह घेऊन बसला होता.