एका ओढीत सुरू होणारं इंजिन

मशीन कुठलंही असो, माझ्यापुढे ते फार वेळ रुसून बसत नाही. ही बढाई नव्हे. एकोणीस वर्षं मी ऑफिसांमधले प्रिंटर दुरुस्त करतोय. भल्याभल्यांनी हात टेकलेले प्रिंटर माझ्या नुसत्या चाहुलीने पटापट पानं ओकायला लागतात. त्यामुळे मेहुणीच्या लग्नाच्या सकाळी सासऱ्यांच्या होडीचं इंजिन सुरू होईना, तेव्हा मी कोट काढला, बाह्या सरसावल्या आणि सासूबाईंना म्हणालो, "आई, तुम्ही निवांत बसा. पाच मिनिटं."

तेव्हा दहा वाजले होते.

परिस्थिती अशी होती. सासऱ्यांचं घर तलावाच्या अलीकडे आणि लग्नाची नोंदणी करायचं ऑफिस पलीकडे. होडीने पंचवीस मिनिटं, रस्त्याने पुलावरून वळसा घालून अडीच तास. वेळ मिळाली होती साडेअकराची. नवरदेव जहाजावर नोकरीला. रविवारी त्याचं जहाज सुटणार, त्याच्याबरोबर मेहुणीही जाणार. नोंदणी करणारे साहेब दुसऱ्या दिवसापासून महिनाभर रजेवर. म्हणजे आज सही झाली नाही, तर नवरा समुद्रात आणि नवरी घरात. त्यात मेहुणी माझ्या बायकोबरोबर कालच पलीकडे गेली होती आणि जाताना सगळ्यांना बजावून गेली होती, "साक्षीदार म्हणून बाबांची सही हवी. बाबा आल्याशिवाय मी पेन उचलणार नाही."

आणि बाबा, म्हणजे माझे सासरे, होडीच्या पुढच्या टोकाला काळ्या सुटात बसले होते. एक हात खिशात, नजर पाण्यावर. आयुष्यभर गणित शिकवलेला माणूस. मुळात बोलणं कमी, आणि लग्न ठरल्यापासून तर त्यांनी शब्दांचं रेशनिंगच सुरू केलं होतं.

इंजिन सुरू करायची दोरी मी ओढली. इंजिन खोकलंसुद्धा नाही. पुन्हा ओढली. दहा वेळा ओढली, पंधरा वेळा ओढली. मग पाय रोवून अशी काही ओढली, की होडी हलली, जेट्टी हलली, सासूबाईंचा अंबाडा हलला. इंजिन मात्र ढिम्म.

"पेट्रोल आहे ना?" सासूबाईंनी विचारलं.

"आई, एवढं मला कळतं," मी म्हणालो आणि त्या पाण्याकडे वळताच हळूच टाकीत डोकावलो. पेट्रोल होतं. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू मी सैल केला. पेट्रोल इंजिनाकडे ढकलणारा नळीतला रबरी फुगा दाबला. फार मन लावून दाबला असावा, कारण नळी सुटली आणि माझ्या शर्टावर एक पिचकारी आली. लग्नासाठी लावलेल्या अत्तराचा तिथेच निकाल लागला.

तेवढ्यात बायकोचा फोन. "अहो, निघालात ना?"

"निघालोच."

"मग इंजिनाचा आवाज कसा येत नाही?"

"इंजिन चांगलं आहे गं. आवाज कमी करतं."

फोन ठेवून मी स्पार्क प्लग काढला. काळाकुट्ट होता. मला आनंद झाला, चोर सापडला! रुमालाने घासूनपुसून तो लख्ख केला आणि सासूबाईंना दाखवायला वर धरला. पेट्रोलने बोटं बुळबुळीत झाली होती. प्लग निसटला, होडीच्या काठावर एकदा टणकन आपटला आणि तलावात गेला.

आम्ही तिघंही त्या जागी उठणाऱ्या वर्तुळांकडे बघत राहिलो. मला घाम फुटला. सासरे शांत होते. किंबहुना मला असंही वाटलं, की सकाळपासून पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर जरा तरतरी आली.

"अहो, त्या निळ्या डब्यात दुसरा होता ना?" सासूबाई म्हणाल्या.

"असेल," सासरे पडेल आवाजात म्हणाले.

होता. मी तो बसवला. गिअरची लिव्हर पुढे करून पाहिली, मागे करून पाहिली, पुन्हा पुढे केली. चोक ओढला, चोक ढकलला. घड्याळात साडेदहा. मी दोरी हाताला दोन वेढे देऊन गुंडाळली, डोळे मिटले आणि एकोणीस वर्षांचा सगळा अनुभव पणाला लावून ओढली.

दोरी तुटली. ती हातात घेऊन मी पाठमोरा थेट पाण्यात. कमरेइतकंच पाणी होतं, पण मी डोक्याकडून सुरुवात केल्यामुळे सगळाच भिजलो. वर आलो तेव्हा सासूबाई होडीच्या काठावरून वाकून बघत होत्या. "जावईबापू, लागलं का हो? राहू द्या आता. मी वल्ही घेते. पोर तिथे दाराकडे डोळे लावून बसली असेल."

त्यांनी खरंच वल्हं उचललं. वय सदुसष्ट, गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं. आता मात्र मी स्वाभिमान गुंडाळून ठेवला आणि कोटातला फोन काढून होडीच्या जुन्या मेकॅनिकला लावला. हात ओले होते, म्हणून फोन स्पीकरवर टाकून जेट्टीवर ठेवला.

मी प्लगपासून दोरीपर्यंत सगळी कहाणी सांगितली. त्याने ती शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, "लाल क्लिप लावलीय का?"

"कुठली लाल क्लिप?"

"पुढे एक बटण आहे बघा. त्याच्याखाली लाल दोरीची क्लिप अडकवायची. चालवणारा पाण्यात पडला, तर ती निघते आणि इंजिन बंद पडतं. ती नसेल, तर तुम्ही वर्षभर ओढत बसा, सुरू होणारच नाही."

बटण दिसलं. त्याच्याखालची खाच रिकामी होती.

"क्लिप नाहीये इथे."

"मग सरांकडे असणार. ते ती कायम मनगटाला बांधतात. विसरायचे नाहीत ते कधी. आणि हो, दोरी तुटलीय तर वरचं झाकण काढून चाकाला दोरी गुंडाळून ओढा. फक्त आधी ती लिव्हर..."

त्याचं पुढचं माझ्या कानात शिरलंच नाही. मी फोन बंद केला. सासूबाईंनी वल्हं खाली ठेवलं. आम्ही दोघांनी सासऱ्यांकडे पाहिलं. सासऱ्यांनी खिशातला हात बाहेर काढला. मुठीत लाल दोरी होती.

मी विचारलं, "बाबा, विसरला होतात का?"

"नाही," ते म्हणाले.

खोटं बोलणं त्यांना कधी जमलंच नाही.

"म्हणजे गेला पाऊण तास मी दोरी ओढतोय, प्लग काढतोय, पाण्यात पडतोय..."

"तुम्ही इतकं मन लावून करत होतात," सासरे म्हणाले, "मध्ये बोलावंसं वाटेना."

सासूबाई त्यांच्याकडे अशा बघत होत्या, जणू बेचाळीस वर्षं दुसऱ्याच कुणाशी संसार केला. "अहो, पण का? पोरगा आवडला नाही का तुम्हाला?"

"पोरगा चांगला आहे." ते लाल दोरी बोटाला गुंडाळत राहिले. "आज चुकलं असतं, तर महिनाभर घरी राहिली असती. एवढाच हिशेब केला होता मी."

मी रागवायच्या तयारीत होतो, पण ओल्या कपड्यांत माणसाला नीट रागावताही येत नाही. आणि त्यांचा चेहरा असा झाला होता, की रागवायला जागाच उरली नव्हती.

सासूबाईंनी डोळे पुसले. "लावा ती क्लिप," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तुम्ही दिसला नाहीत, तर ती जन्मभर विचारील, बाबा का आले नाहीत. काय सांगाल?"

सासऱ्यांनी क्लिप लावली. मी प्रिंटरचा स्क्रूड्रायव्हर काढून इंजिनावरचं झाकण आणि त्याखालचा दोरी गुंडाळणारा डबा उतरवला. त्यांनी तुटलेल्या दोरीला गाठ मारली आणि ती चाकाला गुंडाळली. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "तिला कळू देऊ नका. कधीच."

"नाही कळणार," मी म्हणालो. शब्द दिला.

मी झाकण बगलेत धरून जेट्टीवर चढलो आणि होडीची दोरी सोडली. आता होडीत उडी मारायची, एवढंच बाकी होतं. सासऱ्यांनी दोरी ओढली. एकच ओढ. इंजिन गर्जलं.

गिअरची लिव्हर मी पुढेच ठेवली होती; इंजिन सुरू करण्याआधी ती मध्ये, न्यूट्रलला, आणायची असते. मेकॅनिक बहुधा तेच सांगत होता.

होडी बंदुकीच्या गोळीसारखी सुटली. सासरे सासूबाईंच्या मांडीवर आदळले, मग कसेबसे उठून त्यांनी सुकाणू धरलं. मी जेट्टीवर एक पाय उचललेल्या अवस्थेत उभा होतो. सासूबाईंनी हात वर केला. मला वाटलं, थांबवा म्हणताहेत. त्या मला टाटा करत होत्या. अकराला तीन मिनिटं कमी होती. परत फिरायला वेळ नव्हता, हे मलाही कळत होतं. तरी मी बराच वेळ पाय खाली टेकवला नाही.

अकरा पंचविसाला ते पोचले. मेहुणी ऑफिसच्या पायऱ्यांवरच उभी होती. बाबांना बघून ती धावत आली आणि गळ्यात पडून रडली, असं बायकोने फोनवर सांगितलं. सही झाली. फोटो झाले. त्यातल्या एकाही फोटोत मी नाही.

"पण तुम्ही का नाही आलात?" बायको म्हणाली. "आई म्हणाली, तुम्हाला तासभर इंजिन सुरू करता आलं नाही, प्लग बुडवला, दोरी तोडली, आणि शेवटी बाबांनी एका ओढीत सुरू केलं."

यातला एकही शब्द खोटा नव्हता.

संध्याकाळी सगळे होडीने परत आले. माझी पँट तोवर अर्धी वाळली होती. नवरदेव जेट्टीवर उतरला, वाकून त्याने उघडं इंजिन नीट न्याहाळलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. जहाजावरचा इंजिनिअर तो. दोन मजली इंजिनं सांभाळणारा.

"दादा, वाईट वाटून घेऊ नका. नवख्या माणसाचं हे होतंच," तो फार आपुलकीने म्हणाला. "पुढच्या वेळी काहीही उघडण्याआधी फक्त ही लाल क्लिप लावलीय का, एवढं बघायचं."

मी सासऱ्यांकडे पाहिलं. ते मुलीचा हात धरून उभे होते. पाण्याकडे बघत म्हणाले, "मीही त्यांना तेच सांगत होतो."

"हो," मी म्हणालो. "माझंच लक्ष नव्हतं."