डाव्या कोपऱ्यात काय दिसलं?

सोहोनीकाकांच्या गाडीतून चर्च बघायला गेलेला माणूस परीक्षा दिल्याशिवाय घरी येत नाही. प्रश्न एकच. "खाली, डाव्या कोपऱ्यात काय दिसलं?" तुम्ही काहीही उत्तर द्या, काका क्षणभर आशेने बघतात आणि मान हलवतात. "नाही. ते नव्हे." मग मेलबर्नच्या टोकाचं आमचं क्रेगीबर्न येईपर्यंत गाडीत कोणी बोलत नाही.

मी काकांच्या घरात मागच्या खोलीत भाड्याने राहते. दिवसभर घरमालकांविरुद्ध पत्रकं वाटते आणि संध्याकाळी घरमालकाच्या हातचं पिठलं खाते. यातली गंमत मला काकांनीच दाखवून दिली आणि माझं नाव 'मोर्चा' ठेवलं. "काय मोर्चा, आज कोणाचा निषेध?"

काका इंजिनिअर. जुन्या इमारतींच्या भेगा तपासणं हा त्यांचा धंदा, आणि धंदा घरी ठेवून बाहेर पडायची त्यांना सवय नाही. कोणाच्या वास्तुशांतीला गेले की आरती चालू असताना भिंतीवर टकटक करतात आणि प्रसाद घेताना यजमानाला धीर देतात, "घाबरू नका, अजून पडत नाही." लोक त्यांना पुन्हा बोलावतात, यावरून आपला समाज किती सहनशील आहे ते कळतं.

तर हे चर्च. रोमनेस्क म्हणे. म्हणजे गोल कमानी, हत्तीच्या पायांसारखे खांब, जाड भिंती आणि कंजूष खिडक्या. युरोपात ही मंडळी हजार हजार वर्षं उभी आहेत. मेलबर्नचं हे त्यांची नक्कल करून खूप नंतर बांधलेलं, पण दारावर 'ऐतिहासिक' अशी पितळी पाटी आहे. या जमिनीवर त्याआधी हजारो वर्षं राहणाऱ्या माणसांबद्दल त्या पाटीवर एक अक्षर नाही. मी हे पहिल्याच फेरीत मोठ्याने म्हटलं. काका म्हणाले, "बरोबर आहे तुझं. पत्रक काढ. पण आधी कोपरा बघ."

कोपरा म्हणजे वेदीमागच्या भल्यामोठ्या भित्तिचित्राचा. येशू शिष्यांचे पाय धुतोय. निळा रंग उडालेला, सोनेरी मात्र अजून तोरा सांभाळून. इतर खजिनाही आहे: कोरलेलं दगडी बाप्तिस्मापात्र, रंगीत काचा, लाकडी संत. काकांच्या सहलीत ते सगळं पाच मिनिटांत उरकायचं आणि मग चित्रासमोर उभं राहायचं. फोन बंद, गप्पा बंद. बाहेर पार्किंग एक तासाचं, पण काका घड्याळाकडे बघतच नाहीत. दंडाची पावती काचेवरून काढून खिशात घालताना त्या पार्किंगवाल्यालाच म्हणतात, "नो वरीज, मेट."

मुलांकडे राहायला आलेले सगळ्यांचे आईबाप काका हौसेने तिथे नेतात. दाराशी सगळ्यांना चपला काढायला लावतात. चर्चमध्ये त्याची गरज नसते हे त्यांना माहीत आहे, तरीही. एकदा नाशिकहून आलेल्या एका बाबांच्या कोल्हापुरी बाहेर आल्यावर सापडेनात. चर्चच्याच आवारात जुन्या वस्तूंचं धर्मादाय दुकान आहे. तिथल्या बाईंना वाटलं, कोणीतरी दान ठेवून गेलं. बाबांनी दुकानाच्या काचेत आपल्याच चपला ऐटीत मांडलेल्या बघितल्या. अशा गोंधळातही काकांनी त्यांना गाठून विचारलंच, "ते राहू द्या. कोपऱ्यात काय दिसलं?"

बाबा म्हणाले, "बादली."

"नाही. ते नव्हे."

पंचा, मांजर, चित्रकाराची सही, सगळी उत्तरं देऊन झाली होती. माझं मत पक्कं होतं: परीक्षकाला सत्ता आवडते. उत्तर मुठीत ठेवायचं आणि दुसऱ्याला मूर्ख ठरवायचं. मास्तरकी, दुसरं काय!

मग चर्च विकायला काढल्याची बातमी आली. आत फ्लॅट होणार, चित्रासमोर नवी भिंत उभी राहणार. मला आयतंच निमित्त मिळालं. पत्रक छापलं, सभेत आरडाओरडा केला, सह्या गोळा केल्या. मालकांनी आमचं म्हणणं अत्यंत आदराने ऐकलं आणि चर्च विकलं.

शेवटच्या शनिवारी आम्ही दोघंच गेलो. काका चित्रासमोर उभे. चर्च सांभाळणाऱ्या मार्गारेटबाई दोनदा किल्ल्या वाजवून गेल्या. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा मी सरळ जमिनीवर बसकण मारली. आम्हा लोकांना दुसरं येतं काय? "काका, मी उठत नाही. आणि तुम्ही उत्तर सांगून टाका आता. उद्यापासून कोण विचारणार आहे?"

"मला तरी कुठे माहितीये?" काका म्हणाले.

परीक्षकालाच उत्तर येत नव्हतं. माझ्यासाठी ही बातमीच.

"शुभाने, तुझ्या काकूने, विचारलं होतं. 'अहो, डाव्या कोपऱ्यात बघितलंत का, गंमत आहे.' मी म्हटलं, पार्किंग संपतंय, गाडीत सांग. गाडीत दुसराच विषय निघाला. पुढच्या आठवड्यात ती भाच्याच्या मुंजीला पुण्याला गेली."

पुढचं मला माहीत होतं. साथ आली, सीमा बंद झाल्या. काकू तिकडे, काका इकडे. काकू तिकडेच गेल्या, आणि काकांनी ते फोनच्या पडद्यावर बघितलं.

"मी पुष्कळदा बघितलं गं. मला भेगाच दिसतात. लोक सांगतात त्यात तिची गंमत नसते." मग ते माझ्याकडे बघत राहिले. "तीही अशीच टेकली होती. देवळात दर्शन झाल्यावर टेकतात तशी. मी म्हटलं, उठ, हे काय देऊळ आहे?"

मी डावीकडे वळून बघितलं. उभ्या माणसाला तिथे फुलांचं लोखंडी स्टँड आडवं येतं. खालून, त्याच्या पायांमधून, शिष्यांनी काढून ठेवलेल्या चपला दिसत होत्या. सगळ्या नीट जोडीने. एक सोडून. ती उलटी पडली होती.

"काका, खाली बसा."

गुडघे धरत ते बसले. बराच वेळ बघितलं. "ते नव्हे" म्हणाले नाहीत.

"आमच्या दारात चप्पल उलटी दिसली की शुभा पायाने सरळ करायची," ते म्हणाले. "घरात भांडणं होतात म्हणायची. माझीच असायची."

"मग हेच असेल?"

"असेल."

मार्गारेटबाईंनी दिवे घालवायला सुरुवात केली. आम्ही बाहेर आलो. पायरीवर आमच्या चपला होत्या. काकांची डावी उलटी पडली होती. मी सवयीने पाय पुढे केला.

"राहू दे गं," काका म्हणाले आणि पायरीवर अनवाणी उभे राहिले. "जरा वेळ राहू दे तशीच."