भेकराच्या बुटांची धूळ

एका जंगलात, बाळांनो, बूट घालून हिंडायची पद्धत आली होती. साधे बूट नव्हेत. लवदार कातड्याचे. दुकानदार ज्याला स्वेड म्हणतात, ते. हात फिरवला तर वासराच्या कानासारखे मऊ. कातडं कुणाचं, हे मात्र विचारायची पद्धत नव्हती.

तिथं एक भेकर राहायचं. लहानखुरं, लाजरं. उन्हाळ्यात कुठला झरा आटतो, कुठला टिकतो, हे ते पायांनी हिंडून शोधायचं. हिंडून हिंडून त्याच्या बुटांची रया गेली होती. लव बसलेली, टोकं काळी पडलेली, टाचेला चिखलाची खपली.

त्या वर्षी ऊन फार तापलं. जंगलाला वाटाड्या नेमायचं ठरलं. त्यानं पाणी शोधायचं आणि सगळ्यांना तिथवर न्यायचं. मोठ्या गव्यानं दवंडी पिटवली, "ज्याला हे काम हवं असेल त्यानं सोमवारी पिंपळाखाली यावं. नीटनेटकं यावं."

भेकराला हे काम फार हवं होतं. मागच्या उन्हाळ्यात त्याची थोरली बहीण पाण्यासाठी उलट्या वाटेनं गेली, ती परत आलीच नाही. यंदा कुणाचं तसं होऊ नये, एवढंच त्याला वाटत होतं.

ते अस्वलिणीकडे गेलं. बूट साफ करण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"भागाआत्या, एवढे बूट बघण्यासारखे करून दे."

"बैस. घाई केलीस तर लव मरेल."

आत्यानं आधी खपली वाळू दिली. मग ब्रशानं हलक्या हातानं, एकाच दिशेनं धूळ झाडली. काळे डाग खोडरबरानं घासले. एक हट्टी डाग होता, त्याला फडक्यानं जरासं व्हिनेगर टिपलं. शेवटी किटलीच्या वाफेवर बूट धरले आणि बसलेली लव विंचरून उभी केली.

"घाल. नवऱ्यामुलासारखं दिसतंयस."

खाली कागदावर धुळीचा ढीग पडला होता. दारात कोल्हा उभा होता. त्याचे बूट कोरे करकरीत.

"आत्या, ही धूळ टाकून देणार?"

"मग काय लोणचं घालू तिचं?"

"मला द्या की. कुंडीत घालीन."

आत्यानं पुडी बांधून दिली. धुळीला कोण नाही म्हणतं?

सोमवारी भेकर पिंपळाखाली उभं राहिलं. झऱ्यांची नावं सांगायला त्यानं तोंड उघडलं, तोच गव्यानं खाली पाहिलं.

"थांब. पाय पुढे कर. हे बूट चाललेले दिसत नाहीत."

"अण्णा, कालच साफ करून घेतले. तुम्हीच म्हणालात, नीटनेटकं या."

"नीटनेटकं या म्हटलं होतं. कोरं या म्हटलं नव्हतं."

मग कोल्हा आला. लंगडत आला. बुटांवर धूळ, टाचेला खपली. गव्याचे डोळे भरून आले.

"किती रे हिंडलास!"

"ते न बोललेलंच बरं, अण्णा."

कोल्हा वाटाड्या झाला. रोज सगळ्यांना सावलीत बसवायचा आणि पाण्याबद्दल बोलायचा. इतकं छान बोलायचा की ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. तेवढंच काय ते पाणी.

आत्याला राहवेना. ती गव्याकडे गेली.

"अण्णा, कोल्ह्याच्या बुटांवरची धूळ भेकराची आहे. माझ्या दुकानातून पुडी बांधून नेलीय त्यानं."

गवा गंभीर झाला. त्यानं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. मग हळूच विचारलं, "अजून आहे का?"

गव्याला नाही कसं म्हणायचं? मग रानडुकराला, मग मोराला. थोड्याच दिवसांत आत्याच्या दुकानाची पाटी बदलली. येथे बूट मळवून मिळतील. दारात रांग लागली. धूळ कमी पडायला लागली, तसं भेकराला बोलावणं आलं. शेवटी त्यालाही काम मिळालं. दिवसभर रानोरान हिंडायचं आणि संध्याकाळी बूट झाडून द्यायचे.

असंच हिंडताना त्याला डोंगरामागे तळं दिसलं. काठोकाठ भरलेलं. ते धापा टाकत पिंपळाखाली आलं.

"पाणी आहे! गुडघाभर आत शिरा आणि पोटभर प्या. चला!"

सगळे धडपडत उठले. मग सगळ्यांनी आपापल्या बुटांकडे पाहिलं. आणि सगळे खाली बसले.

"आत शिरायचं म्हणजे बूट धुतले जाणार," गवा म्हणाला. "मग कोण किती चाललं, ते कळायचं कसं?"

कोल्ह्यानं मान डोलावली. त्याचे ओठ सुकून फुटले होते.

"मग काढून ठेवा की काठावर," भेकर म्हणालं.

"आणि कुणी झाडले तर?"

भेकरानं आपले बूट तिथंच काढले आणि अनवाणी निघालं. आत्या पाटी उतरवून त्याच्यामागून गेली. बाकीचे कोरड्या घशानं आपापली धूळ राखत बसले.

तात्पर्य: बाळांनो, चालावं जरूर, पण चालून आल्यावर बूट पुसू नयेत. आणि चालायचा कंटाळा असेल, तर धूळ कुठं मिळते ते आधी विचारून ठेवावं. तहान काय, सगळ्यांनाच लागते. तिच्यावरून कुणाला मान मिळत नाही.