घराची परीक्षा

नागभीडच्या नव्या वस्तीतलं गुणवंतरावांचं घर तपासायला नागपूरहून नूतन मॅडम यायच्या होत्या, आणि गुणवंतरावांचा आपल्याच भिंतींवर काडीचा विश्वास नव्हता. दाबलेल्या मातीच्या जाड विटा, छताजवळ झरोके, गच्चीवर चुना, हा सगळा हट्ट त्यांच्या बायकोचा, मंजुषाबाईंचा. गुणवंतरावांना स्वतःला एसी हवा होता. तरी हरित घराच्या प्रमाणपत्राची दवंडी गावभर पिटली होती ती मात्र त्यांनीच. "चार स्टार तं पक्के समजा!"

आता मे महिना. घर तापलं तर गाव हसणार. तपासणीच्या दिवशी मंजुषाबाई आरोग्य केंद्रात ड्युटीवर गेल्या न गेल्या, तोच गुणवंतरावांनी मासळी विकणाऱ्या बिरजूला गाठलं.

"दोन लाद्या बर्फ पाह्यजे."

"पार्टी हाय का, भाऊ?"

"पार्टी नाई, परीक्षा हाय. घराची."

बर्फ घमेल्यांत भरून पलंगाखाली सरकवला. गारवा पळू नये म्हणून झरोक्यांत पोती कोंबली. दहा मिनिटांत घरभर वास सुटला.

"बिरजू, बर्फ शिळा हाय का रे?"

"ताजा हाय, भाऊ. मासोळ्या कालच्या होत्या."

गुणवंतरावांनी उदबत्तीचा अख्खा पुडा पेटवला. त्या धुरातून वाट काढत दोन मांजरी पलंगाखाली शिरल्या, आणि तेवढ्यात नूतन मॅडम दारात.

त्यांनी यंत्र पाहिलं. "एकतीस अंश. उत्तम!"

गुणवंतरावांची छाती फुगली. मग मॅडमनी हवा तपासायचं दुसरं यंत्र काढलं आणि ते जे ओरडायला लागलं, ते थांबेचना.

"काका, घरात काही जळतंय का?"

"नाई नाई, उदबत्ती लावली जराशी."

"आणि हवेत एवढा ओलावा? छत गळतं का?"

"मे महिन्यात कुठून गळन, मॅडम?"

पलंगाखाली मांजरींची जुंपली. घमेलं कलंडलं आणि मासळीचं पाणी थेट मॅडमच्या पायापाशी आलं. नेमक्या त्याच वेळी अर्धी रजा टाकून मंजुषाबाई घरात शिरल्या.

"हे काय करून राह्यले तुम्ही?"

"घर तापलं असतं तं? तुझंच नाक कापलं गेलं असतं!"

"माझं नाक शाबूत हाय. म्हणून तं वास येऊन राह्यला!"

गुणवंतरावांनी मान खाली घातली. "मॅडम, चूक माझी हाय. घराले नापास नका करू. तिनं लई जीव लावून बांधलं."

मंजुषाबाईंनी कलंडलेलं घमेलं उचललं. बर्फ बाहेर गेला, पोती निघाली, फरशी पुसली गेली. मॅडम मनाने चांगल्या होत्या. ओसरीवर दोन चहा घेत थांबल्या. दुपारी बाहेर चव्वेचाळीस असताना त्यांनी पुन्हा यंत्र लावलं. या वेळी कुणी ओरडलं नाही.

"बत्तीस."

गुणवंतराव हिशेब करत राहिले. "म्हंजे दोन लाद्या बर्फानं..."

"एक अंश," मंजुषाबाई म्हणाल्या.

गुणवंतरावांनी हळूच भिंतीला तळहात लावला. भिंत खरोखरच गार होती. इतक्या महिन्यांत त्यांनी तिला हात लावून पाहिलाच नव्हता.

पंधरा दिवसांनी प्रमाणपत्र आलं. चार स्टार! गुणवंतरावांनी शेजारपाजार गोळा केला आणि खड्या आवाजात वाचायला घेतलं. भिंती उत्तम, झरोके उत्तम, गच्ची उत्तम. शेवटच्या ओळीवर आवाज एकदम बसला.

"थांबले काऊन, भाऊ? वाचा ना!" बिरजू म्हणाला.

मंजुषाबाईंनी कागद हातात घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं, "शेरा : घर आपलं काम चोख करतं. घरमालकांनी त्याला मदत करू नये."