हाताखालची वीस माणसं

फोनवर दहा मिनिटांत आपण कामगार ठरणार, याबद्दल निकिताला तिळमात्र शंका नव्हती. फिजिक्समध्ये बीएस्सी, आणि त्यावर गेल्या महिन्यात विमान कंपन्यांच्या खटल्यांचे आठ निकाल वाचून झालेले. केनवड गावात एवढी तयारी कुणी स्वतःच्या लग्नाचीही केली नव्हती.

तिची विमान कंपनी दिवाळखोरीत बुडाली होती. वाशीमच्या कामगार कार्यालयाने, इथे दावा चालत नाही, वरच्या न्यायाधिकरणाकडे जा, म्हणून हात वर केले होते. कंपनी मोडीत निघाली की कामगारांचा दोन वर्षांपर्यंतचा थकलेला पगार बँकांच्या बरोबरीने वरच्या रांगेत लागतो. अधिकारी त्यांच्या मागे, तेही एकाच वर्षापुरते. गोम इतकीच, की कंपनीने तिला 'सीनियर एक्झिक्युटिव्ह' केलं होतं आणि काम दिलं होतं बॅगा उचलण्याचं. पण निकाल स्पष्ट होते: हुद्दा नाही, काम बघा. निकिताने कामही मोजून ठेवलं होतं. रोज एकशे ऐंशी बॅगा, सरासरी सतरा किलो, उचलायची उंची नव्वद सेंटीमीटर.

बुधवारी मुंबईहून, कंपनी मोडीत काढणाऱ्या लिक्विडेटरच्या माणसाचा पडताळणीचा फोन येणार होता. त्याच दिवशी रिसोडचे दौलतरावही आपल्या मुलासाठी निकिताची चौकशी करायला फोन करणार होते. ही दुसरी गोष्ट आई मनकर्णाबाईंनी पोटातच ठेवली होती.

फोन चार्जिंगला लावून निकिता झेरॉक्स काढायला गेली आणि तो वाजला. समोरचा माणूस अदबीने विचारत होता: मुलगी नेमकं काय करायची, हाताखाली किती जण, रजा कोण मंजूर करायचं. स्थळ किती खानदानी, या विचाराने मनकर्णाबाईंचा ऊर भरून आला.

"वीस मानसं होते तिच्या हाताखाली," त्या म्हणाल्या. "तिनं हात दाखवल्याबिगर विमान हालत नसे."

निकिता परतली तेव्हा आई कौतुकाने सांगत होती, की माणूस फार चौकस आहे, लग्नाचं मात्र चकार शब्दानं विचारलं नाही. निकिताने नंबर पाहिला, तो मुंबईचा, लिक्विडेटरच्या ऑफिसचा होता. तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. समोरच्याला 'हॅलो' पुरतं म्हणू न देता ती सुटली: आई बोलली ते साफ खोटं, आपल्याला कसलाच अधिकार नव्हता, आपण निव्वळ ओझी वाहायचो, हवं तर ओझी उचलताना कमरेला बांधायच्या पट्ट्याचा फोटो पाठवते.

पलीकडून रिसोडचे दौलतराव म्हणाले, घरी बोलून कळवतो.

स्थळ गेलं. निकिता मात्र हटली नाही. मुंबईला सात वेळा फोन लावून तिने तो माणूस गाठला, दोन वर्षांचे ड्यूटीचे तक्ते पाठवले. तो म्हणाला, कागद ठीक आहेत, पण आईंचा जबाब नोंदला गेलाय. तो त्यांनीच बदलला तर बरं.

निकिताने फोन आईपुढे धरला. ज्या तोंडाने गावभर 'विमानातली साहेबीण' सांगितली, त्याच तोंडाने आता हे बोलायचं होतं. मनकर्णाबाईंनी आधी उठून दार लावलं.

"साहेब, माही पोरगी हमाली करे," त्या म्हणाल्या. "ते वीस मानसं म्या माह्या मनानं वाढवले."

पंधरा दिवसांनी दावेदारांची यादी आली. निकिता: कामगार, वरची रांग. तिने ती वडिलांना, रामकिसनरावांना, दोनदा वाचून दाखवली. मग कंपनीच्या मालमत्तेचं पान उलटलं. विमानं भाड्याची होती, ती मालकांनी कोर्टातून केव्हाच सोडवून नेली होती. उरल्या होत्या विमानाला लावायच्या दोन शिड्या, बॅगा ओढायचा एक बंद ट्रॅक्टर आणि चाळीस खुर्च्या.



"म्हंजे पंगतीत पयला नंबर लागला," रामकिसनराव म्हणाले, "पन सयपाकच नाई झाला."