केळुसकरांचे दोन सर्व्हर

डोंबिवलीला केळुसकरांच्या घरी देवघराशेजारी दोन जुने संगणक अखंड चालू असत. एकावर डेबियन, दुसऱ्यावर उबंटू. दोन्ही लिनक्स या संगणकप्रणालीचेच प्रकार. दुसरा पहिल्यावरच बेतलेला. दोन्हींवर आमच्या वधू-वर मंडळाचे संकेतस्थळ तयार होते आणि जगाला मात्र ते कुठेच दिसत नव्हते.

मी मंडळाचा चिटणीस; संगणकाचे काम केळुसकरांकडे. दोहोंपैकी कोणता सर्व्हर ठेवावा, एवढेच केळुसकरांनी सांगायचे होते. त्याला दुसरे वर्ष लागले.

सभेत ते दर वेळी नवी शंका आणीत. “डेबियन भारदस्त आहे, पण नवं काही लवकर स्वीकारत नाही. उबंटू चटपटीत, पण स्थिर किती? उद्या बिघडलं तर निस्तरणार कोण?” निस्तरण्याची त्यांना फार धास्ती. सभेतली भजीसुद्धा ते तेलाची चौकशी करून मगच उचलीत.

“काका, कुठलंपण एक टाका ना!” खजिनदार सुर्वे वैतागे. “सून बघताय की सर्व्हर?”

“सून आपणहून बोलते. याला विचारावं लागतं.”

तिकडे आमच्या फायलींतली स्थळे चाळिशीकडे सरकत होती.

अखेर एका रविवारी मी त्यांच्या घरी गेलो. ते दूध आणायला गेले होते. दार त्यांच्या मुलीने, मृणालने उघडले. मी विचारण्याआधीच ती म्हणाली, “काका, दोन्ही केव्हाचे तयार आहेत. पण त्यात पहिलं स्थळ माझं आहे. मीच माहिती भरून दिली.”

“मग त्यांना स्पष्ट सांग.”

“काय सांगू? आई गेल्यापासून बाबा माझ्याशिवाय कुणाशी धड बोलत नाहीत. आणि मला तर लग्न करायचंय.”

पुढच्या सभेत मी चर्चा होऊ दिली नाही. ‘डेबियन’ असे इतिवृत्तात लिहिले. केळुसकरांनी हरकत घेतली नाही. त्याच संध्याकाळी संकेतस्थळ सुरू झाले.

मृणालला बडोद्याचे स्थळ आले. मुलगा चांगला होता. केळुसकरांना निस्तरण्याजोगे काही सापडले नाही.

कल्याणच्या कार्यालयात लग्न लागले. पंगतीत ते माझ्या शेजारी बसले.

“चिटणीस, त्या दोहोंत आपल्या कामापुरता काही फरक नव्हता. पहिल्या आठवड्यातच कळलं होतं मला.”

मग भात कालवत त्यांनी विचारले,

“रात्री कितीला जेवता तुम्ही?”

“आठला.”

“मृणाल कामावरून यायची नवाला,” ते म्हणाले. “आता केव्हाही जेवलं तरी चालेल.”